वॉशिंग्टन स्टेल्थचे चार हंगाम: विजेत्या संघाच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या उत्तरेस असलेल्या एव्हरेट शहरात वॉशिंग्टन स्टेल्थ हा व्यावसायिक इनडोअर लॅक्रॉस संघ २०१० ते २०१३ असे चार हंगाम खेळला. या चारपैकी तीन हंगामांत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि पहिल्याच हंगामात त्याने विजेतेपद पटकावले. तरीही २०१३ च्या उन्हाळ्यात संघाने बस्तान हलवले आणि सीमेपलीकडे, कॅनडात मुक्काम टाकला. व्यावसायिक संघ प्रेक्षकांअभावी बंद पडतात किंवा गाव बदलतात, यात नवल नाही. परंतु अशा संघांच्या अपयशाचे खापर बहुधा मैदानावरील कामगिरीवर फोडले जाते, आणि येथे ती सोय नाही. म्हणूनच हे प्रकरण तपासण्याजोगे आहे.

संघ, शहरे आणि सामन्यांचे निकाल सार्वजनिक नोंदींतले असल्यामुळे ते नावानिशी दिले आहेत. मालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांचा उल्लेख मात्र पदानेच केला आहे, कारण येथे तपासायचे आहेत ते निर्णय, त्यामागच्या व्यक्ती नव्हेत.

पार्श्वभूमी

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांचा, विशेषतः हौदेनोसौनी राष्ट्रांचा, खेळ आहे. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये घालायचा, हे त्याचे मूळ स्वरूप. १९३० च्या दशकात कॅनडात, आइस हॉकीची प्रेक्षागृहे उन्हाळ्यात ओस पडतात म्हणून, हा खेळ त्या बंदिस्त रिंकमध्ये आणण्यात आला, आणि त्यातून 'बॉक्स लॅक्रॉस' हा वेगवान प्रकार रूढ झाला. गोलरक्षकाखेरीज पाच खेळाडू, चार फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद एवढाच गोल, चेंडू ताब्यात आल्यापासून तीस सेकंदांत फटका मारण्याची सक्ती, आणि चेंडू परत आत उसळवणाऱ्या हॉकीच्या भिंती, असा हा खेळ आहे. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून वीस-पंचवीस गोल होणे नेहमीचेच. कॅनडाच्या संसदेने १९९४ मध्ये कायदा करून लॅक्रॉसला राष्ट्रीय उन्हाळी खेळाचा दर्जा दिला.

या प्रकाराची व्यावसायिक लीग मात्र अमेरिकेत, १९८७ मध्ये, चार संघांनिशी सुरू झाली आणि १९९८ पासून ती नॅशनल लॅक्रॉस लीग या नावाने ओळखली जाते. तिची एक सवय सुरुवातीपासूनची आहे: संघ गावे बदलतात. बाल्टिमोरचा संघ पिट्सबर्गला गेला, तेथून राजधानी वॉशिंग्टनला आणि तेथून कोलोरॅडोला. सिराक्यूजचा ओटावाला आणि कालांतराने एडमंटनला. या लीगमध्ये एखाद्या शहराला संघ मिळाला, एवढ्याने तो टिकेल असे कोणी गृहीत धरत नाही. स्टेल्थची वंशावळही अशीच आहे. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे २००० मध्ये 'ऑल्बनी अटॅक' म्हणून हा संघ सुरू झाला. २००२ मध्ये तो अंतिम सामन्यात टोरंटो रॉककडून १३-१२ असा एका गोलने हरला. २००४ मध्ये तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे गेला आणि 'सॅन होजे स्टेल्थ' झाला. म्हणजे एव्हरेटला येईपर्यंत दहा वर्षांत हे त्याचे तिसरे गाव होते.

आपल्याकडच्या वाचकांना हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. २०१४ मध्ये उभा राहिलेला एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ आणि २०१९ मध्ये त्याच्या जागी आलेला हैदराबाद एफसी पुण्याने पाहिला आहे. फरक एवढाच की स्टेल्थच्या बाबतीत संघ, खेळाडू आणि टोपणनाव असे सगळेच गावोगाव फिरत राहिले.

आर्थिक बाजूचीही थोडी कल्पना हवी. त्या काळी हंगाम जानेवारी ते मे असा चाले आणि प्रत्येक संघ सोळा सामने खेळे, त्यांतले आठ घरच्या मैदानावर. खेळाडूंना लॅक्रॉसच्या मानधनावर वर्ष काढता येत नसे. कोणी शाळेत शिकवी, कोणी अग्निशमन दलात नोकरी करी, आणि शनिवार-रविवारी विमानाने सामन्याला येई. टीव्ही हक्कांचे उत्पन्न नावापुरते. त्यामुळे संघाचे वर्षभराचे जमाखर्चाचे गणित त्या आठ संध्याकाळींच्या तिकिटांवर आणि स्थानिक प्रायोजकांवर उभे असे.

अडचण

सॅन होजेत संघ ज्या प्रेक्षागृहात खेळे, ते सतरा हजारांहून अधिक खुर्च्यांचे होते आणि मुळात आइस हॉकीतील सॅन होजे शार्क्सचे होते. लॅक्रॉसच्या सामन्यांना त्यातला बराचसा भाग रिकामा राही. चार-पाच हजार माणसे लहान प्रेक्षागृहात उत्साह निर्माण करतात. सतरा हजारांच्या जागेत तीच माणसे विरळ दिसतात, आणि पहिल्यांदा आलेला प्रेक्षक 'याला कोणी येत नाही' अशी समजूत करून घेऊन परततो.

त्यात शेजार उठून गेला. अनाहाइमचा संघ २००५ मध्ये बंद झाला, ॲरिझोनाचा २००७ च्या हंगामानंतर खेळला नाही, आणि २००९ मध्ये पोर्टलंडच्या संघानेही गाशा गुंडाळला. कॅलिफोर्नियात उरलेल्या एकट्या संघाला आता प्रत्येक परगावच्या सामन्यासाठी डेन्व्हर, मिनेसोटा किंवा कॅनडा गाठावे लागणार होते, आणि प्रेक्षकांच्या मनात ईर्ष्या निर्माण करील असा जवळचा प्रतिस्पर्धी उरला नव्हता. त्याआधी, २००७ च्या शरद ऋतूत, खेळाडूंशी करार न जमल्यामुळे लीगने २००८ चा पुढचा हंगामच रद्द केल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांनी तडजोड होऊन तो वाचवला. अशा घोषणेनंतर सीझन तिकिटे विकायला निघालेल्या माणसाची स्थिती काय झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय २००९ हे मंदीचे वर्ष होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता सॅन होजेतच राहण्याचा. सहा हंगामांत जमवलेला प्रेक्षक तेथे होता, पण त्याची वाढ थांबली होती आणि प्रेक्षागृह गरजेपेक्षा तिप्पट मोठे होते. बॉक्स लॅक्रॉस शिकवणारे क्लब आणि त्यातून तयार होणारी मुले या भागात फारशी नव्हती, म्हणजे मुलांच्या मागोमाग येणारे आईबापही नव्हते.

दुसरा पर्याय सिएटल शहराचा. कागदावर तो सर्वांत आकर्षक होता, कारण बास्केटबॉलमधील सुपरसॉनिक्स हा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला निघून गेल्याने हिवाळ्यात सिएटलच्या प्रेक्षकाला मोठ्या व्यावसायिक संघाचा आधार उरला नव्हता. पण शहरातले 'की अरेना' हे प्रेक्षागृह १९९५ मध्ये बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून नव्याने बांधले गेले होते. त्यात हॉकीचे रिंक नीट बसत नसे, काही खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल दिसतच नसे, आणि ज्युनियर हॉकीचा सिएटल थंडरबर्ड्स हा संघही २००९ च्या जानेवारीत तेथून उठून दक्षिणेकडील केंट येथील सहा हजार खुर्च्यांच्या नव्या प्रेक्षागृहात गेला होता. बॉक्स लॅक्रॉसला रिंकच लागते. त्यामुळे सिएटलच्या बाजारपेठेचा मोह कितीही असला, तरी त्या बाजारपेठेच्या मधोमध खेळायला योग्य जागा नव्हती.

तिसरा पर्याय व्हँकुव्हर. ब्रिटिश कोलंबियात लॅक्रॉस घराघरांत खेळला जातो, आणि स्टेल्थचे कित्येक खेळाडू त्याच प्रांतातले होते. पण तेथे लीगचा एक संघ, व्हँकुव्हर रेव्हन्स, २००२ ते २००४ असे तीनच हंगाम खेळून बंद पडला होता. शिवाय २०१० च्या फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिक तेथे भरणार होते आणि शहरातील मोठे हॉकी प्रेक्षागृह त्यासाठी अडकणार होते. यजमान शहराच्या नावाजलेल्या हॉकी संघालाही त्या काळात सलग चौदा सामने परगावी खेळावे लागले. पाहुण्या लॅक्रॉस संघाला तारखा कोण देणार?

चौथा पर्याय होता एव्हरेट. सिएटलपासून सुमारे ४५ किलोमीटर उत्तरेला, लाखभर वस्तीचे, बोइंग कंपनीच्या विमान कारखान्याचे हे शहर. २००३ मध्ये उघडलेले आठ हजारांच्या आसपास खुर्च्यांचे हॉकीचे प्रेक्षागृह तेथे होते, आणि एव्हरेट सिल्व्हरटिप्स हा ज्युनियर हॉकी संघ त्यात खेळत असे. कॅनडाची सीमा आंतरराज्य महामार्ग ५ वरून सुमारे १३० किलोमीटर. खेळाडूंना सोयीचे, भाड्याच्या दृष्टीने झेपणारे, आणि खुर्च्यांच्या संख्येच्या दृष्टीने मापात बसणारे.

या चौघांत एव्हरेटची निवड चुकीची होती, असे मला वाटत नाही. त्या वर्षी उपलब्ध असलेल्या माहितीवर कोणीही विवेकी माणूस बहुधा तेथेच पोहोचला असता. प्रश्न निवडीनंतरचे आहेत.

काय केले

२००९ च्या उन्हाळ्यात स्थलांतर जाहीर झाले आणि संघाचे नाव 'वॉशिंग्टन स्टेल्थ' ठेवण्यात आले. विमानांच्या गावात 'स्टेल्थ' हे, रडारला चकवणाऱ्या विमानांची आठवण करून देणारे, टोपणनाव शोभूनही दिसले. पहिला हंगाम सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, १५ डिसेंबर २००९ रोजी, बोइंगच्या ७८७ ड्रीमलायनरने एव्हरेटच्याच पेन फील्डवरून पहिले उड्डाण केले होते. नावाचा पूर्वार्ध मात्र अडचणीचा होता. अमेरिकेत 'वॉशिंग्टन' म्हटले की बहुतेकांच्या मनात प्रथम राजधानी येते, आणि याच लीगमध्ये २००१ व २००२ मध्ये राजधानी परिसरात 'वॉशिंग्टन पॉवर' नावाचा संघ खेळलेला होता. राज्याचे नाव घेतल्याने संघ सिएटलचाही झाला नाही आणि एव्हरेटचाही. एव्हरेट ज्यात येते त्या स्नोहोमिश काउंटीतल्या ज्या माणसाने शनिवारी संध्याकाळी घराजवळच्या प्रेक्षागृहात यावे अशी अपेक्षा होती, त्याच्या गावाचा उल्लेख संघाच्या नावात कुठेच नव्हता. त्याच प्रेक्षागृहातला हॉकी संघ मात्र 'एव्हरेट' हे नाव अभिमानाने मिरवत होता.

संघबांधणीत कसर ठेवली गेली नाही. सॅन होजेचा गाभा कायम राहिला. संघात अमेरिकेतील मैदानी लॅक्रॉसचा त्या काळातला सर्वपरिचित चेहरा असलेला पॉल रेबिल होता आणि ब्रिटिश कोलंबियातील बॉक्स लॅक्रॉसमध्ये मुरलेला लुईस रॅटक्लिफही होता. मुख्य प्रशिक्षक या लीगमध्ये अनेक वर्षे काढलेले होते. पहिल्याच वर्षी जिंकायचे, म्हणजे गाव आपोआप ओळखू लागेल, असा या सगळ्याचा रोख दिसतो.

येथे घरच्या एका सामन्याची तयारी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण भाडेकरू संघाची सगळी गोची तीत दिसते. रिंकमधला बर्फ वितळवला जात नाही. त्यावर उष्णतारोधक फळ्या एकाला एक जोडून बसवतात आणि त्या फळ्यांवर कृत्रिम हिरवळीच्या रुंद गुंडाळ्या उलगडतात. बाजूच्या भिंती आणि काचा हॉकीच्याच राहतात. सामना सुरू असताना ध्वनिवर्धकावर संगीत चालूच असते, ही या लीगची खास रीत. शेवटची शिट्टी झाली की कामगार हिरवळ गुंडाळायला घेतात, फळ्या उचलतात आणि बर्फ पुन्हा उघडा पडतो, कारण दुसऱ्या दिवशी हॉकीवाल्यांना तो हवा असतो. हॉकीचा हंगाम सप्टेंबर ते मार्च, शिवाय बाद फेरी. लॅक्रॉसचा जानेवारी ते मे. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतले चांगले शनिवार आधी मुख्य भाडेकरूला, मग मैफिली आणि प्रदर्शनांना, आणि उरलेले लॅक्रॉसला. सिएटलजवळच्या बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल या भागांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना शुक्रवारी संध्याकाळी महामार्गावरून उत्तरेकडे गाडी नेणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे. शनिवार हातचा गेला आणि शुक्रवार पदरी आला, की सिएटलकडचा प्रेक्षक निम्म्या वाटेवरच गळतो.

मैदानावरचा निकाल

पहिल्या हंगामात संघाने सोळापैकी अकरा सामने जिंकले. १५ मे २०१० रोजी, एव्हरेटच्याच प्रेक्षागृहात, अंतिम सामन्यात त्याने टोरंटो रॉकला १५-११ असे हरवले आणि चॅम्पियन्स कप उचलला. रॅटक्लिफला सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू घोषित करण्यात आले. ऑल्बनीत आणि सॅन होजेत मिळून दहा हंगामांत जे जमले नव्हते, ते एव्हरेटच्या पहिल्या फटक्यात साधले.

२०११ मध्ये पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. या वेळी सामना टोरंटोत झाला आणि स्टेल्थ ८-७ असा हरला. बॉक्स लॅक्रॉसमध्ये हा कमालीचा कमी गुणांचा सामना. २०१२ चा हंगाम मात्र कोसळला. सोळांत फक्त चार विजय मिळाले आणि बाद फेरीही हुकली. २०१३ मध्ये संघ नऊ विजय आणि सात पराभव अशा माफक कामगिरीवर सावरला, आणि बाद फेरीत वर चढत चार वर्षांत तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला.

गाव आणि संघ

विजेतेपदाने जे घडेल अशी अपेक्षा होती, ते घडले नाही. बफेलो, कोलोरॅडो, टोरंटो, कॅलगरी या ठिकाणी प्रेक्षकसंख्या दहा हजारांच्या वर असताना एव्हरेटची आकडेवारी लीगच्या तळाकडेच राहिली. येथे एक साधे गणित मांडता येते. आठ हजार खुर्च्या आणि आठ सामने, म्हणजे सगळी तिकिटे खपली तरी वर्षाला चौसष्ट हजार. बफेलोसारखा संघ तेवढी तिकिटे साडेचार-पाच सामन्यांतच विकत असे. लहान प्रेक्षागृहाने रिकामेपणा झाकला, पण उत्पन्नाची कमाल मर्यादाही ठरवून टाकली. आणि भाडेकरू असल्याने पार्किंग, खाद्यपदार्थ, प्रेक्षागृहातल्या जाहिराती या बाजूच्या मिळकतीत मालकाएवढा वाटा मिळणे शक्य नव्हते.

याच लीगमधल्या यशस्वी संघांकडे पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बफेलो, कोलोरॅडो आणि कॅलगरी या लॅक्रॉस संघांमागे त्या काळी किंवा पुढे प्रेक्षागृहाचे अथवा हॉकी संघाचे मालक उभे राहिले. त्यांना लॅक्रॉसचा सामना म्हणजे आपल्याच रिकाम्या शनिवारचा उपयोग. स्टेल्थला तोच शनिवार विकत घ्यावा लागे.

स्पर्धाही वाढली होती. सिएटल साउंडर्स हा फुटबॉल संघ २००९ मध्ये मेजर लीग सॉकरमध्ये उतरला आणि पहिल्या वर्षापासून सरासरी तीस हजारांवर प्रेक्षक खेचू लागला. त्याचा हंगाम मार्चमध्ये सुरू होई, म्हणजे नेमका लॅक्रॉसच्या बाद फेरीच्या तोंडावर. सुपरसॉनिक्सच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली हे निरीक्षण खरे होते, पण ती भरायला दुसरा उमेदवार आधीच दारात उभा होता. लीगही आक्रसत होती: २००९ मध्ये बारा संघ, २०१० मध्ये अकरा, पुढच्या वर्षी दहा आणि २०१२ मध्ये नऊ. पोर्टलंडचा संघ उरला असता, तर तीन तासांच्या अंतरावर एक हक्काचा वैरी मिळाला असता. तो स्टेल्थ एव्हरेटला यायच्या आधीच बंद झाला.

निर्णायक वळण: ११ मे २०१३

अंतिम सामन्याचे यजमानपद त्या वर्षी पुन्हा स्टेल्थकडे आले. प्रतिस्पर्धी होता रोचेस्टर नाइटहॉक्स. परंतु एव्हरेटचे प्रेक्षागृह त्या तारखेला मोकळे नव्हते. वर्षातला सर्वांत मोठा, सर्वांत जास्त तिकिटे विकू शकणारा घरचा सामना म्हणून संघाला सीमेपलीकडे, ब्रिटिश कोलंबियातील लँगली येथे न्यावा लागला. २००९ मध्ये उघडलेले, पाच हजारांपेक्षा थोड्या अधिक खुर्च्यांचे ते प्रेक्षागृह एव्हरेटपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. २००९ पासून रस्त्याने सीमा ओलांडतानाही पासपोर्ट किंवा तत्सम विशेष ओळखपत्र लागत असल्याने, चार वर्षे सीझन तिकीट काढणाऱ्या एव्हरेटच्या कुटुंबाला आपल्याच संघाचा 'घरचा' अंतिम सामना पाहायला परदेशात जावे लागणार होते. स्टेल्थ तो सामना ११-१० असा एका गोलने हरला.

यानंतर काही आठवड्यांतच संघ कायमचा लँगलीला जात असल्याचे आणि त्याचे नाव 'व्हँकुव्हर स्टेल्थ' होणार असल्याचे जाहीर झाले. जागेच्या अडचणीमुळे हलवलेला तो एक सामना पुढच्या मुक्कामाची रंगीत तालीम ठरला.

पुढचा मुक्काम

लँगलीत संघ २०१४ ते २०१८ असे पाच हंगाम खेळला. लॅक्रॉस जाणणारा प्रांत, खेळाडूंची घरे हाकेच्या अंतरावर, अशा दोन मोठ्या गोष्टी आता बाजूने होत्या. पण नावाचे तेच झाले: नाव व्हँकुव्हरचे आणि मैदान तिथून चाळीसेक किलोमीटर पूर्वेला. व्हँकुव्हर शहरातला प्रेक्षक त्या अंतरावर येईना, आणि लँगलीकराला नावात आपले गाव सापडेना. प्रेक्षागृह एव्हरेटपेक्षाही लहान होते. कॅनडाचा डॉलर २०१३ मध्ये अमेरिकी डॉलरच्या जवळपास बरोबरीने होता; २०१६ च्या आरंभी तो सत्तर सेंटांच्याही खाली उतरला, आणि कॅनेडियन तिकिटे विकून अमेरिकी खर्च भागवणाऱ्या कुठल्याही संघाला ते जड जाणारच होते. त्यातच खेळही घसरला. या पाचांपैकी एकाही हंगामात विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त झाली नाही.

२०१८ मध्ये व्हँकुव्हर कनक्स या हॉकी संघाच्या मालक कंपनीने हा लॅक्रॉस संघ विकत घेतला, त्याला शहरातल्या रॉजर्स अरेनात आणले आणि नाव 'व्हँकुव्हर वॉरियर्स' असे ठेवले. प्रेक्षागृह, हॉकी संघ आणि लॅक्रॉस संघ एकाच छत्राखाली आले, आणि सॅन होजे सोडल्यापासून नाव व मैदान पहिल्यांदाच एका गावात आले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी नाव. 'एव्हरेट' किंवा निदान 'सिएटल' यांपैकी एकाची निवड करून तिचे परिणाम भोगणे, हे दोन्हींना न दुखवणाऱ्या राज्याच्या नावापेक्षा बरे ठरले असते. मी एव्हरेटच्या बाजूने मत दिले असते. आठ हजार खुर्च्या भरायला स्नोहोमिश काउंटीची वस्ती पुरेशी होती. ज्युनियर हॉकीचा संघ तीच वस्ती धरून त्याच इमारतीत वर्षानुवर्षे टिकून आहे. या मतावर एक आक्षेप रास्त आहे: मोठे प्रायोजक सिएटलमध्ये होते आणि त्यांना एव्हरेटचे नाव विकत घ्यायला लावणे कठीण गेले असते. पण ते प्रायोजक वॉशिंग्टन या नावानेही संघाला तारू शकले नाहीत.

दुसरा मुद्दा २०१० च्या उन्हाळ्याचा. विजेतेपद मे महिन्याच्या मध्यावर मिळाले आणि पुढचा घरचा सामना जानेवारीत. मधले साडेसात महिने संघाचे अस्तित्व दिसायला काही निमित्त नव्हते. खेळाडू उन्हाळी लीग खेळायला आपापल्या प्रांतांत परतलेले. ज्या शहरात मुले हा खेळ खेळत नाहीत, तेथे करंडक फिरवून बातमी होते, पण सीझन तिकीट काढायची सवय लागत नाही. त्या साडेसात महिन्यांत एव्हरेटमध्येच राहणारे दोन-तीन खेळाडू पगारावर ठेवून शाळांमध्ये काठ्या वाटणे, उन्हाळी शिबिरे घेणे, मुलांची बॉक्स लीग त्याच इमारतीत चालवणे, हा खर्च एखाद्या नामांकित खेळाडूच्या मानधनापेक्षा फार मोठा नसता. त्याचे फळ मात्र चार-पाच वर्षांनी मिळाले असते, आणि तेवढा काळ तोटा सोसण्याची तयारी आहे की नाही, हे मालकांनी येतानाच ठरवायला हवे होते. नऊ-दहा संघांच्या डळमळीत लीगमध्ये असा शब्द देणे सोपे नव्हते, हेही मान्य करावे लागेल.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो कराराचा आहे. भाडेकरू संघाने प्रेक्षागृहाशी करार करताना नेहमीच्या आठ तारखांबरोबर बाद फेरीच्या संभाव्य तारखांवरही पहिला हक्क मागून ठेवायला हवा. प्रेक्षागृहाला ते गैरसोयीचे असते, कारण संघ हरला तर राखून ठेवलेला शनिवार वाया जातो. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक रक्कम भरून तारखा धरणे आणि संघ बाद झाल्याबरोबर त्या सोडून देणे. पहिल्या दोन हंगामांत दोनदा अंतिम सामना गाठलेल्या संघाला मेच्या मध्यावर घर लागू शकते, हे कोणाला नव्याने सांगण्याची गरज नव्हती. ही रक्कम एका अंतिम सामन्याच्या तिकिटांपुढे किरकोळ ठरली असती. आणि ती भरायची तयारी नसेल, तर निदान २०१२ चा पडता हंगाम संपताच मालकांनी एव्हरेटमध्ये थांबायचे की नाही याचा जाहीर निर्णय घ्यायला हवा होता, म्हणजे सीझन तिकीट काढणाऱ्यांना पैसे भरण्याआधी तो कळला असता.